आधी हवा गेली कुठे, ते सांगा!

मागच्या वीकांताला हिर्डोशीला मामाकडे गेलो होतो. अंगणात पोटावर बसलेली एक गाडी पाहिली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. ते इथे थंड करून घेतो. सांभाळून घ्या.

गाडी माझ्या मामेभावाची. दादाने दोन वर्षांपूर्वी जुनी, परदेशी बनावटीची एक थोराड एसयूव्ही घेतली. लग्नसराईत नवरदेवाला मिरवायला पंचक्रोशीत हिला मागणी असते. हिला लोखंडी स्प्रिंगा नाहीत, चारी चाकांवर हवेचे रबरी फुगे आहेत. पूर्वीच्या व्हॉल्वो शिवनेरीत बसून ज्यांच्या पोटातलं पाणी हललं नाही, त्यांना हवेची ही करामत माहीत आहे. आणि नीरा-देवघरच्या कडेने महाडकडे जाणारा आमचा रस्ता पावसाळ्यानंतर ज्यांनी पाहिलाय, त्यांना दादा या गाडीवर का भाळला तेही कळेल.

ऐन लग्नाच्या दिवशी पहाटे मागचा डावा कोपरा टायरवर टेकलेला. नवरदेव शेजाऱ्याच्या जीपमधून गेला, दादाचा ॲडव्हान्स परत गेला. दादाने मला फोन केला, कारण घरात 'कॉम्प्युटरवाला' मीच!

आता या गोष्टीतला खलनायक. तो मीच.

मी आधी काही शे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल मागवला. तो म्हणाला, सगळं आलबेल. म्हणजे गाडी जमिनीला टेकलेली आणि फोनवर हिरवी टिकली! मग मी त्याहून बराच महाग स्कॅनर घेतला. खोक्यावर 'सर्व गाड्या, हजारो कोड'. त्याने कोड दिला: कॉम्प्रेसरचं तापमान मर्यादेबाहेर. मी छाती फुगवून सांगितलं, "दादा, कॉम्प्रेसर गेला." दादाने बदलला. त्या पैशांत त्याची अर्धी लग्नसराई गेली. तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा त्याच कोपऱ्यावर, आणि नवा कॉम्प्रेसरही धापा टाकतोय.

शेवटी भोरच्या एका मिस्त्रींनी साबणाचं पाणी फवारलं. मागच्या डाव्या फुग्याच्या घडीतून बुडबुडे! ते एवढंच म्हणाले, "कॉम्प्रेसर दमतोय खरं, पण का दमतोय ते कोणी बघायचं?"

ही चपराक मला होती आणि ती मला मान्य आहे. कारण ऑफिसात मी हेच ज्युनियरांना शिकवतो. एरर जिथे दिसते तिथेच बग असतो असं नाही. सर्व्हर मेमरी संपून पडला म्हणून कोणी फक्त मेमरी वाढवली, तर मीच त्याला फाडून खातो. इथेही तसंच. फुगा गळतो, चाकाजवळचा सेन्सर सांगतो की उंची कमी झाली, कंट्रोल युनिट कॉम्प्रेसर चालू करतं. गळती थांबत नाही, कॉम्प्रेसर पळत राहतो, तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. नोंद कोणाच्या नावावर? कॉम्प्रेसरच्या! कोड खोटा नव्हताच. त्याचा अर्थ मी लावला तो खोटा.

तेव्हा 'कुठलं यंत्र चांगलं?' या प्रश्नावर जे दोन पंथ भांडतात, त्या दोघांशीही माझं भांडण आहे. 'स्वस्तातला डोंगल पुरे' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की ओबीडी-२ हे प्रकरण मुळात धुराच्या नियमांसाठी आलं. अमेरिकेत १९९६ पासून, आपल्याकडे २०१३ पासून. त्याची सर्वांना समान भाषा प्रामुख्याने इंजिनाची आहे. सस्पेन्शनचं युनिट कंपनीच्या खाजगी भाषेत बोलतं. त्या कंपनीसाठीच लिहिलेलं ॲप असेल तर साधा डोंगलही कधीकधी तिथे पोचतो, नाहीतर नाही. आणि 'महागातलं घ्या' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की किंमत वाढली म्हणून यंत्राला अक्कल येत नाही.

माझ्या मते विक्रेत्याला विचारायचे प्रश्न चारच. माझ्या नेमक्या मॉडेलच्या, नेमक्या वर्षाच्या सस्पेन्शन युनिटशी हे बोलतं का? चारी कोपऱ्यांची उंची, हवेचा दाब, कॉम्प्रेसरचं तापमान हा विदा गाडी चालू असताना दाखवतं का? एकेक व्हॉल्व उघडून आणि कॉम्प्रेसर चालवून बघता येतो का? आणि सेन्सर बदलल्यावर उंची नव्याने नोंदवता येते का? यातल्या पहिल्याचंच उत्तर 'साधारण सगळ्या गाड्या चालतात' असं आलं, तर नमस्कार करून निघावं. 'हजारो कोड' हा आकडा म्हणजे शब्दकोशाची जाडी. तेवढ्याने संभाषण होत नाही.

इथे कोणी म्हणेल, हे सगळं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला होतं, तिकडे जावं. जावं ना! पण पोटावर बसलेली गाडी हिर्डोशीहून पुण्याला नेणं म्हणजे क्रेन, एक अख्खा दिवस आणि बुडालेलं भाडं. भोरचे मिस्त्री समोर असताना हे का करायचं? त्यांना अक्कल आहे, यंत्र नाही. आणि ते नसणं हा योगायोग नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू दिली नाहीत, हे त्यातलं मुख्य दुखणं होतं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या विषयांत वाहनंही होती. म्हणजे रोग सरकारदरबारी कळून बरीच वर्षं झाली. माझ्यासारखा आयटीवाला दोनदा स्कॅनर मागवून स्वतःला शहाणा समजतो, आणि तीस वर्षं गाड्या उघडणारा माणूस अडाणी ठरतो. याची मला खरंच लाज वाटली.

असो. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर एवढं करा. सपाट जागेवर रात्री चारी चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, सकाळी पुन्हा मोजा. आकडे लिहून ठेवा. (उभ्या गाड्याही कधीकधी स्वतःची पातळी जुळवतात, म्हणून एका रात्रीवर निकाल देऊ नका.) मग साबणाचं पाणी मारा. जॅकबरोबर पक्के स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका, हवेच्या भरवशावर तर मुळीच नाही. कॉम्प्रेसर बदलावाच लागला तर त्याचा रिलेही बदला, तो चिकटला तर नव्या कॉम्प्रेसरचाही बळी जातो. हे झालं की मग यंत्राकडे वळा.

निघताना दादाने विचारलं, "मग आता कुठलं मशीन घ्यायचं रे?"

म्हटलं, "काही घेऊ नकोस. मिस्त्रींना हव्या त्या यंत्राचे निम्मे पैसे मी देतो. मी ते चुकीच्या यंत्रांवर आधीच उडवलेत, थोडे बरोबर यंत्रावरही जाऊ देत."