क्लॅरिनेट आणि शुद्धतेचें सोंग

चिनी लोकगीतांच्या व ग्रामवाद्यांच्या आधारानें क्लॅरिनेटसाठीं रचलेलें संगीत आज सभागृहांतून आदरानें ऐकलें जातें. परंतु त्यांतील स्वरांची घसीट, कंप व जिभेची फडफड हे केवळ वरवरचे नखरे होत, वादकानें ते आवरते घ्यावे, म्हणजे सूर शुद्ध राहील, असें मानणारा एक पंडितवर्ग आहे. त्याचें हें मत आम्हांस सर्वस्वीं त्याज्य वाटतें.

शुद्ध, पण कोणाच्या कानांस? सरळ, अकंप सूर ही युरोपीय वाद्यवृंदाची आवड आहे. तो वाद्याचा धर्म नव्हे. गर्श्विनच्या १९२४ मधील ‘ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू’चा आरंभ क्लॅरिनेटच्या दीर्घ घसिटीनेंच होतो. तेथें जी प्रतिभा ठरते, तीच चिनी रचनेंत अशुद्धि कां ठरावी?

उत्तर चीनच्या खेड्यांत लग्नाला आणि अंत्ययात्रेलाही सुओना वाजतो. त्याचें नांव फारसी ‘सुर्ना’वरून आलेलें, म्हणजे तो आमच्या सनईचा नातलगच. सनईवाल्यानें मींड गाळली तर राग उरेल काय? छिन् या प्राचीन तंतुवाद्याच्या लिपींत तर डाव्या हाताच्या घसिटीस व कंपास स्वतंत्र चिन्हें आहेत. जें लिपींत बसलें, तें व्याकरण होय. त्यास नखरा म्हणणें हें अज्ञान आहे.

हें व्याकरण क्लॅरिनेटवर आणणें सोपें नाहीं. सुओनाची नळी निमुळती, क्लॅरिनेटची सरळ. त्यामुळें जोरानें फुंकतां पहिला अष्टकावर जातो, तर दुसरा त्याहून पांच स्वर वर. म्हणून नुसत्या बोटांची नक्कल भागत नाहीं. छिद्रें हळूहळू उघडावीं लागतात, घसा मोकळा करून जीभ खालीं न्यावी लागते, ओठ सैल सोडावा लागतो. गालांतील हवा पत्तीवर लोटीत नाकानें श्वास घेण्यास तर दीर्घ तालीम लागते. शिक्षकच या विद्येस करामत म्हणून हिणवूं लागला, तर शिष्य ती केव्हां शिकणार?

अतिरेक होतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. पांच स्वरांच्या चालीवर चार घसिटी शिंपडून तिला ‘चिनी’ म्हणणारे रचनाकार आम्हांसही मान्य नाहींत. पण अतिरेकाचा उपाय ज्ञान हा आहे, बंदी नव्हे. चेन यी यांनीं १९९३ मध्यें लू शूनच्या ‘आ क्यू’वरून एकट्या क्लॅरिनेटसाठीं ‘मोनोलॉग’ लिहिलें. तेथें त्या दीन जीवाची कथा एकट्या वाद्यावरच सोपविलेली आहे. वांकणारा सूर सरळ करून तें वाजविणारा वादक त्या आ क्यूचीच वाचा बंद करतो.

तेव्हां शिक्षकांनीं स्वरसप्तकांच्या बरोबरीनें या क्रिया अभ्यासक्रमांत घालाव्या, आणि वादकानें आधीं मूळ सुओना कान देऊन ऐकावा. परक्या लोकांचें गाणें घ्यावें आणि त्यांचा उच्चार मात्र टाकावा, ही रसिकता नव्हे. ती लूट आहे.