फुटली म्हणायचे!

वसुबारसेच्या संध्याकाळी माझा पुतण्या इंग्लंडहून आला. खांद्याला लांबलचक गवसणी. आमच्या हिला वाटले, पोराला परदेशात जाऊन का होईना, गाण्याची आवड लागली आणि तंबोरा घरी आला. भाकरतुकडा ओवाळून झाल्यावर गवसणी उघडली, तर आतून निघाली चार फुटी कुऱ्हाड!

"काकू, हात लावून बघ," तो म्हणाला. हिने भीत भीत पात्याला बोट टेकवले. पाते उशीसारखे दबले. आत फायबरग्लासचा दांडा, त्याच्यावर फोम, त्यावर रबराचा पातळ थर आणि पोलादी रंग. "एवढे पैसे घालवून खोटी कुऱ्हाड?" हिने विचारले. माझ्याही मनात तोच प्रश्न होता; पण आपल्या तालमींतल्या फरी-गदग्याची काठी चामड्याने मढवलेली असते हे आठवले आणि मी गप्प बसलो.

तिकडे या खेळाला लार्प म्हणतात. नाटकच म्हणा ना. पण पाठ केलेले संवाद नाहीत, पडदा नाही आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षकही नाही. कोणी सरदाराचे सोंग घ्यायचे, कोणी वैद्याचे, कोणी मांत्रिकाचे, आणि ते माळावर दोन-तीन दिवस निभवायचे. लढाई जुंपली की धावून जाऊन घाव घालायचे. अमेरिकेत १९७७ साली 'डॅगोरहिर' हा असा लढायांचा खेळ सुरू झाला. इंग्लंडात चेशरमधल्या पेकफोर्टनच्या किल्ल्यात १९८२ साली 'ट्रेझर ट्रॅप' सुरू झाला. २०१३ साली निघालेल्या 'एम्पायर'ला तर माणसे हजारांनी जमतात. आमचा पुतण्या पाच दिवस हिशेबनीस असतो आणि सुटीच्या दिवशी कुऱ्हाडवाला.

त्याने आणि त्याच्या दहा-बारा मित्रांनी आता स्वतःचा छोटा खेळ काढला आहे. नियम लिहायचे काम चालू होते आणि एका नियमावर गाडी अडली होती. धनत्रयोदशीच्या रात्री तो माझ्यापाशी आला.

"काका, तुम्ही वीस वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होता. कुऱ्हाडीनं ढाल फुटते की नाही, एवढं ठरवून द्या."

वाचकहो, गच्चीच्या गळतीवरून आणि पाण्याच्या वेळांवरून मी पुष्कळ निवाडे दिले आहेत. ढालीचा खटला प्रथमच आला. मी चष्मा पुसून दोन्ही पक्ष ऐकून घेतले.

कुऱ्हाडवाल्यांचे म्हणणे असे. फोमच्या कुऱ्हाडीने ढालीला ओरखडासुद्धा उमटत नाही. मग पाच जण ढालीला ढाल लावून उभे राहिले की त्यांना हलवणार कोण? खऱ्या लढाईत लाकडी ढाल फुटत असे. वस्तूला जे जमत नाही ते नियमाने करायला नको का? डॅगोरहिरमध्ये दोन हातांनी चालवायच्या मोठ्या शस्त्राला लाल खूण असते, आणि त्याचे दोन सणसणीत घाव बसले की ढाल गेली असे मानतात. एम्पायरमध्ये 'शॅटर' अशी आरोळी देऊन घाव घातला, की ज्या वस्तूला तो लागला ती दुरुस्त होईपर्यंत निकामी.

ढालवाल्यांचेही खोटे नव्हते. एकाने दोन महिने रात्री जागून ढाल तयार केली, तिच्यावर ससाणा रंगवला, आणि पहिल्या पाच मिनिटांत ती चिखलात टाकून द्यायची? शिवाय नवखा गडी ढालीच्या आडच उभा असतो. ती गेली की तोही गेला. मग दुपारभर गवतावर बसून दुसऱ्यांची लढाई बघायची. असा गडी पुढच्या खेपेला येईल कशाला?

"आणि मधला मार्ग?" मी विचारले.

"ढाल फुटू द्यायची, पण दुरुस्तीची सोय ठेवायची. म्हणजे ज्यानं लोहाराचं सोंग घेतलंय त्यालाही काम मिळतं."

मला हा मार्ग पसंत पडला. कोणत्याही संस्थेत रिकाम्या सभासदाला काम मिळाले की निम्मी भांडणे मिटतात. मी कागद घेतला आणि जुन्या सवयीने लिहिले : 'कलम १. दोन हातांनी धरलेल्या कुऱ्हाडीचे दोन जोरकस घाव बसल्यास ढाल फुटली असे समजण्यात यावे. कलम २. लोहाराने दुरुस्त करेपर्यंत ती वापरू नये.' मग मोठ्याने वाचून दाखवले.

स्वयंपाकघरात चकल्या तळणे चालले होते. तिकडून आवाज आला, "समजण्यात यावे ते कोणी?"

माझे पेन थांबले. हिच्याजवळ हे एक आहे. झारा हातात असताना ती नेमके कलमाच्या मर्मावर बोट ठेवते.

"अभिमन्यूचं तेच झालं की," ही बाहेर येत म्हणाली. "युद्धाआधी दोन्हीकडच्यांनी नियम ठरवले होते. ज्याचं शस्त्र गेलं त्याला मारायचं नाही. पुढं कर्णानं त्याचं धनुष्य तोडलं, द्रोणानं तलवार तोडली, ढालही गेली. पोरानं रथाचं चाक उचललं. तलवार तुटली हे सगळ्यांना दिसत होतं, तरी थांबलं कोण? आणि तुमच्या खेळात तर तुटलेलं दिसतसुद्धा नाही!"

पुतण्या हसला नाही. तो म्हणाला, "काकू, खरं भांडण तेच आहे. खरोखर मोडलेलं हत्यार पंच शोधतात. खेळाआधी प्रत्येक हत्यार वाकवून, दाबून बघतात. दांड्याचं टोक फोममधून वर आलं असेल तर ते बाजूला. पण खोटं मोडलेलं कोण बघणार? शंभर माणसांच्या आरड्याओरड्यात दोन घाव बसले की एक, ते ढाल धरणाऱ्या हातालाच कळतं. कुऱ्हाडवाले म्हणतात, ढालवाले मोजत नाहीत. ढालवाले म्हणतात, कुऱ्हाडवाले थोपटतात आणि घाव म्हणून सांगतात. नियम काहीही लिहा, दोन मित्र एकमेकांशी बोलायचे बंद झालेत."

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत बर्कले येथे १९६६ साली मध्ययुगाचा हौशी अभ्यास करणारी एक मंडळी निघाली. तिचे लोक वेताच्या तलवारींनी चांगले खणखणीत लढतात. तिथे घाव पुरेसा बसला की नाही, हे ज्याला तो बसला त्यानेच सांगायचे अशी रीत आहे. मारणाऱ्याने नाही, मार खाणाऱ्याने.

पुतण्या झोपायला गेला. मी कागद पुढे घेऊन बसलो, पण कलम सुचेना. मला १९६४ सालची दिवाळी आठवत होती.

आतेभाऊ सुटीला आमच्या वाड्यात आला होता. कामट्यांच्या तलवारी, पातेल्यांवरच्या झाकणांच्या ढाली. नियम एकच : ज्याची कामटी मोडेल तो मेला. भाऊबिजेच्या संध्याकाळी आमचे शेवटचे द्वंद्व झाले. माझी कामटी मुठीपाशी कडकन चिरली. आवाज फटाक्यांत बुडाला. मी मूठ वर सरकवून चीर झाकली, तसाच लढलो आणि जिंकलो. वाड्यातल्या पोरांनी मला खांद्यावर घेतले. आतेभाऊ दुसऱ्या दिवशी गावी गेला. पुढच्या दिवाळीला आला, पण तलवार हातात घेईना. हरल्याचा राग धरून बसला, असे मी सगळ्यांना सांगत असे. स्वतःलाही तसेच सांगत आलो. पुढे आमचे येणेजाणे लग्नामुंजीपुरते उरले.

भाऊबिजेला मी त्याला फोन लावला. शुभेच्छा झाल्या, गुडघ्यांची चौकशी झाली. मग मी म्हणालो, "अरे, त्या दिवाळीला माझी कामटी मोडली होती."

तिकडे क्षणभर काही ऐकू आले नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "चीर मला दिसली होती. म्हटलं, आपणहून सांगशील."

"इतकी वर्षं थांबलास?"

"थांबलो कुठं? पहिली दोन वर्षं थांबलो. मग नाद सोडला." आणि मग जरा हसून, "डिसेंबरात नातवाला घेऊन येतो. कामट्या मिळतात का रे अजून तुमच्याकडे?"

पुतण्याने जाताना माझा कागद नेला. त्यात आता एकच दुरुस्ती आहे : 'ढाल फुटली की नाही, हे ज्याच्या हातात ती असेल त्यानेच सांगावे; आणि त्याने सांगितले, की दुसऱ्याने ते मानावे.' अंमलबजावणी कशी करायची, हे मी लिहिलेले नाही. तशी सोय कुठल्याच कलमात होत नाही, हे सोसायटीत वीस वर्षे काढून मला ठाऊक होतेच. सांगायला उशीर झाला तर काय होते, ते मात्र यंदाच कळले.