सुप्याचा बाजार, नायगावचे पाणी आणि आमची चारी

सुशिक्षित घरांतून गावच्या कारभाराविषयी बोलणे पुष्कळ होते. परंतु ते ओसरीवर, चहाच्या वेळी आणि बहुधा तक्रारीच्या सुरात. ग्रामसभेची पूर्वी दवंडी पिटत, आता फलकावर नोटीस लागते व मोबाईलवर निरोप येतो, एवढाच काय तो फरक. ‘तेथे आरडाओरडीवाचून दुसरे काय व्हायचे आहे?’ असे म्हणून आपण वर्तमानपत्र उघडतो. हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तीस-बत्तीस वर्षे मुलांना ‘नागरिकाची कर्तव्ये’ हा धडा शिकविणारा प्रस्तुत लेखक स्वतः नोकरीच्या काळात ग्रामसभेस दोनदा गेला, आणि त्यांपैकी एकदा सत्कार स्वीकारण्यासाठी!

आमचे पणदरे नीरेच्या डाव्या कालव्यावरचे गाव. भाटघरच्या धरणाचे पाणी इंग्रजी अमदानीत, गेल्या शतकाआधीच्या शतकाच्या शेवटी शेवटी, या बाजूस खेळू लागले आणि माळरानाची उसाची शिवारे झाली. परंतु बारामती तालुका सगळाच असा हिरवा नाही. कालव्याची बाजू बागायत, आणि मोरगाव-सुप्याकडची जिरायत, पावसाच्या तोंडाकडे पाहत बसणारी. एकाच तालुक्यात दोन मुलूख नांदतात म्हणा ना. सुप्याचे नाव मुद्दाम घेतले, कारण सामान्य माणसाने आपले गाऱ्हाणे सरकारच्या कानी कसे घालावे, या प्रश्नाचा एक मोठा पाठ त्या बाजारपेठेत घडलेला आहे.

ता. १२ मे १८७५. बाजारचा दिवस. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले होते. इंदापूर-भीमथडीकडे १८६७ पासून फेरआकारणी होऊन सारा वाढला होता. आणि सावकाराच्या चोपड्यातला आकडा कुणब्यास वाचता येत नव्हता. जमलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, लोकांचा मुख्य रोख कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या हाती घेऊन त्या जाळण्यावर होता. सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यापूर्वी, १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारांवर बहिष्कार पडला होता; त्यांच्या शेतावर कोणी राबेना, न्हावी त्यांची हजामत करीना. मग सुप्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील कित्येक गावांत पसरले, सरकारने चौकशीचे कमिशन नेमले, आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी कायदा झाला. न्यायाधीशास केवळ रोख्यावर न विसंबता मूळ व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार त्याने दिला. त्या दंग्यात रोष मुख्यतः गुजर-मारवाडी सावकारांवर होता. त्यांच्याच शेजारी व्याजबट्टा करणारे ब्राह्मण सावकार बहुतांशी सुटले. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावरील जुन्या पेटीत असले रोखे अजून सापडतील, म्हणून हे लिहून ठेवणे बरे.

त्याच सुमारास पुण्यात दुसरा मार्ग चोखाळला जात होता. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे सभासद होण्यास लोकांकडून मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे ‘मी इतक्यांच्या वतीने बोलतो’ हे कागदावर दाखवावे लागे. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, यांनी ही प्रथा कटाक्षाने पाळली; आणि १८७६ च्या दुष्काळात सभेने गावोगाव माणसे पाठवून खरी स्थिती टिपून मगच सरकारकडे लिहिले. अर्जदाराने आधी पायपीट करावी, मग लेखणी उचलावी, असा तो क्रम होता. आमच्यासारख्यांनी त्यातील लेखणी तेवढी उचलली.

पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, पुण्याचे एक कारखानदार विलासराव साळुंखे यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहिली. सडकेला खडी किती लागणार आणि हीच मेहनत पाणी अडविण्यास का लागू नये, हा त्यांचा प्रश्न. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सुमारे चाळीस एकर ओसाड जमीन त्यांनी खंडाने घेतली. बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, खाली विहीर काढली. जेथे कुसळे उगवत तेथे धान्य आले. पण आम्हांस त्या धान्यापेक्षा पुढे ठरलेले नियम अधिक मोलाचे वाटतात. ज्या मंडळाने पाणी उचलून आणावयाचे, त्यात पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणशी ठरला. दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, आणि कुटुंब कितीही मोठे असो, अडीच एकरांची मर्यादा. भूमिहीनासही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकावयाचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उभा करावयाचा. आणि ऊस मुळीच लावावयाचा नाही!

आम्हा कालव्यावरच्या लोकांच्या पोटात या शेवटच्या नियमाने गोळा उठतो, हे मान्य केले पाहिजे. आमचे गूळ, कारखाना, मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये सारी उसावर. तथापि ज्याच्याकडे शंभर एकर त्यास शंभर एकरांचे पाणी, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याच्या वाट्यास काहीच नाही, हे देवाने सांगितलेले नाही, एवढे नायगावने दाखवून दिले. ‘पाणी पंचायत’ हे नाव त्या चळवळीस मिळाले. साळुंखे २००२ साली वारले. त्यांच्या मंडळांपैकी काही पुढे मंदावली, काही विजेच्या बिलापायी व आपसांतील कुरबुरीपायी बंद पडली; नियम कागदावर उतरले म्हणजे माणसे सुधारली असे होत नाही.

आता घरची गोष्ट. आमच्या भागातील एका चारीच्या टोकाकडील लोकांस आवर्तन सुटले तरी पाणी पोहोचेना. पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरलेला, पैसे भरलेले, आणि पाटात धूळ. त्यांनी मजकडे येऊन अर्ज लिहून मागितला. मी तीन लिहिले. संस्कृतप्रचुर, मुद्देसूद, आणि खाली सही माझी एकट्याची. एका अर्जाचे उत्तर आले, ‘पुढील कार्यवाहीस्तव पाठविला आहे’. तो कोठे गेला ते आजतागायत कळले नाही. तेव्हा वस्तीवरील एक वयस्क बाई मला म्हणाल्या, “गुरुजी, अर्ज झ्याक लिवलाय, पन तुमी चारीवर कवा आला व्हता?”

खाली पाहण्यावाचून इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस-बावीस माणसे, त्यांत निम्म्या बायका, चारीच्या मुखापासून टोकापर्यंत चाललो. कोठे काय आहे ते पावलांनी मोजून वहीत टिपले. चार ठिकाणी बाभळी माजलेल्या, दोन ठिकाणी अस्तर फुटलेले, एक दार गंजून अडकलेले; हे सारे कचेरीच्या माथी मारण्यासारखे होते. परंतु पाच ठिकाणी आपल्याच शेतकऱ्यांनी रात्री फोडून घेतलेली भगदाडे होती, आणि त्यांपैकी एक माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या बांधाशी! मी क्षणभर पेन थांबविले. त्या बाई शेजारीच उभ्या होत्या. मग तेही लिहिले.

ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली, खाली त्रेसष्ट सह्या व अंगठे घेतले. आरडाओरड झाली, ती व्हायचीच. बाभळी लोकांनी तोडल्या, भगदाडे ज्याची त्याने बुजविली, आणि गंजलेले दार व अस्तर कचेरीने महिन्याभरात दुरुस्त केले, कारण यादीत त्यांच्या भागाबरोबर आमचाही भाग लिहिला होता आणि तो झालेला होता. चुलतभाऊ त्यानंतर दिवाळीस घरी आला नाही.

दोन आवर्तने टोकास पाणी पोहोचले. तिसऱ्यास पुन्हा वरच्या अंगाने कोणी चारी फोडली. २००५ च्या कायद्याने कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था करून पाणी मोजून घेता येते, आणि संस्थेच्या संचालकांत मुखाकडील, मध्यावरील व टोकाकडील लोकांस सारखी जागा असते. त्या वाटेने जावे असे वस्तीवर चालले आहे. पण मुखाकडील मंडळी सह्या देण्यास तयार नाहीत, त्यांत आमचे घरही येते.

पुढील ग्रामसभेच्या आधी चारी पुन्हा चालावयाची ठरली आहे. या खेपेस वही सूनबाई घेणार आहेत. त्यांचे मोजमाप माझ्यापेक्षा नीट असते, आणि चुलतसासऱ्यांच्या बांधाशी त्यांचा हात थांबेल असे मला वाटत नाही.