थ्रेड : सेंट लुइसची माणसे गेली कोठे?

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील सेंट लुइस या शहराविषयी इतिहासप्रेमींना बहुधा एकच दृश्य ठाऊक असते. अकरा मजली इमारत उभी आहे. पायथ्याशी सुरुंगांचे स्फोट होतात, इमारत क्षणभर जागच्या जागी थरथरते आणि धुळीच्या लोटात खाली बसते. ही प्रुइट-आयगो वसाहत. १६ मार्च १९७२ रोजी तिची पहिली इमारत पाडली गेली आणि १९७६ पर्यंत तेहतिसांपैकी एकही उरली नाही. समीक्षक चार्ल्स जेंक्स यांनी १९७७ साली या पाडकामाला आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू ठरवले. मृत्यूची तारीख दिलीच, शिवाय मिनिटही नोंदवले!

तेव्हापासून सेंट लुइसची कथा एका दमात सांगण्याची प्रथा पडली : इमारती चुकीच्या बांधल्या, वस्ती बिघडली, शहर ओस पडले. कथा सोयीची आहे, परंतु तिच्यात कार्य आणि कारण यांची अदलाबदल झालेली आहे. या शहरातील पुनर्विकास हा ओसरत्या लोकसंख्येवरचा उपाय म्हणून आला नव्हता. तो वाढत्या लोकसंख्येच्या गृहीतकावर आखला गेला आणि लोकसंख्या हलवणाऱ्या शक्तींपैकी एक होऊन बसला.

प्रथम आकडे पाहू. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,५६,७९६ होती. २०२० मध्ये ती ३,०१,५७८ भरली. सत्तर वर्षांत दर तीन माणसांमागे जवळजवळ दोन वजा झाली. युद्ध नाही, महापूर नाही, दुष्काळ नाही.

मात्र हा आकडा वाचताना हद्दीची रेषा नजरेआड करता येत नाही. १८७६ साली सेंट लुइसच्या मतदारांनी आपले शहर त्याच नावाच्या काउंटीपासून (आपल्याकडील जिल्ह्यासारख्या घटकापासून) कायमचे वेगळे काढले. तेव्हा शहर श्रीमंत होते आणि भोवतालची काउंटी बव्हंशी शेतीवाडीची. तिचा भार आपण का वाहावा, असा नागरिकांचा हिशेब होता. शहराची हद्द सुमारे ६२ चौरस मैलांवर गोठली. इतर शहरे वाढताना भोवतालची गावे पोटात घेत गेली. सेंट लुइसला ती वाट उरली नाही. आपल्याच मतांनी स्वतःभोवती कुंपण घालून घेतलेल्या शहरांची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

त्या कुंपणापलीकडे पाहिले की चित्र पालटते. सेंट लुइस काउंटीची लोकसंख्या १९५० मध्ये ४,०६,३४९ होती, २०२० मध्ये ती १०,०४,१२५ झाली. संपूर्ण महानगर प्रदेशात आज २८ लाखांहून अधिक लोक राहतात. म्हणजे पुष्कळशी माणसे नाहीशी झाली नाहीत, ती रेषेपलीकडे गेली. करही त्यांच्यासोबत गेला, शाळांचा पैसाही गेला. प्रश्न उरतो तो असा, की ती रेषा कोणाला, कधी आणि कोणत्या अटीवर ओलांडता आली.

१९१६ साली या शहरातील मतदारांनी थेट मतदानाने वांशिक पृथक्करणाचा वटहुकूम संमत केला : ज्या गल्लीत पंचाहत्तर टक्के लोक एका वंशाचे, तेथे दुसऱ्या वंशाच्या माणसाने राहावयास जाऊ नये. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने केंटकीतील एका खटल्यात असे वटहुकूम घटनाबाह्य ठरवले. मग तेच काम खरेदीखतांनी केले. ‘हे घर कृष्णवर्णीयास विकले जाणार नाही’ अशी कलमे खतांत घातली जाऊ लागली. या कलमांविरुद्धचा गाजलेला खटलाही सेंट लुइसमधलाच. लाबादी अव्हेन्यूवरील एक घर शेली कुटुंबाने १९४५ साली घेतले आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की न्यायालये अशा कलमांची अंमलबजावणी करू शकत नाहीत. कलमे दुबळी झाली, परंतु गृहकर्जाला हमी देणाऱ्या संघीय यंत्रणेची दृष्टी बदलली नाही. नव्या उपनगरांतील श्वेतवर्णीय कुटुंबांस हमी सुलभ होती आणि शहरातील कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर लाल रंगाने ‘धोकादायक’ म्हणून रंगवलेल्या होत्या.

अशा वेळी, १९४७ साली, नगररचनाकार हारलँड बार्थोलोम्यू यांचा सर्वंकष आराखडा प्रसिद्ध झाला. बार्थोलोम्यू हे साधे नाव नव्हे. १९१६ पासून ते या शहराचे नियोजन पाहत होते आणि देशभरातील शहरे त्यांच्याकडून आराखडे करून घेत. त्यांच्या आराखड्याने १९७० पर्यंत शहराची लोकसंख्या ९ लाख होईल असे धरले होते. जनगणनेत ती भरली ६,२२,२३६. भाकिते चुकतात, त्यात नवल नाही. नवल याचे, की चुकलेल्या भाकिताच्या आधारे पाडलेली घरे मात्र खरोखरच पडली.

आराखड्याने जुन्या वस्त्यांना ‘कालबाह्य’ आणि ‘ब्लाइटग्रस्त’ अशा वर्गांत टाकले. ब्लाइट हा मूळचा शेतीतला शब्द, आपला करपा. पिकावर करपा पडला की रोगट भाग काढून जाळावा लागतो, हे कोणीही शेतकरी सांगेल. वस्तीला एकदा हा शब्द चिकटला की पुढचा उपाय त्या शब्दातच दडलेला असतो. तेथे राहणाऱ्या माणसांना विचारण्याची गरज उरत नाही, कारण पिकाला कोणी विचारत नाही.

या उपायाची रंगीत तालीम नदीकाठी आधीच झाली होती. १९३९ पासून मिसिसिपीच्या काठावरील जुन्या शहराचे सुमारे चाळीस चौक राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आले. ज्या कमानीमुळे सेंट लुइस जगाला ओळखू येते, ती ईरो सारिनेन यांची ६३० फुटांची गेटवे आर्च उभी राहिली १९६५ मध्ये. मधली कित्येक वर्षे शहराच्या जन्मभूमीवर मोटारी उभ्या राहत होत्या.

त्यानंतर मिल क्रीक व्हॅलीची पाळी आली. शहराच्या मध्यभागी सुमारे ४५० एकरांवर पसरलेल्या या वस्तीत अंदाजे २०,००० लोक राहत आणि त्यांतील ९५ टक्के कृष्णवर्णीय होते. शेकडो दुकाने होती, चाळीसहून अधिक चर्च होती. रॅगटाइम संगीत जेथे रुजले त्या ठिकाणांपैकी एक, टॉम टर्पिन यांचे रोझबड कॅफे, येथल्याच मार्केट स्ट्रीटवर होते. पुढे पॅरिसला वेड लावणाऱ्या जोसेफिन बेकर यांचे बालपण याच परिसरात गेले. कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल संघाचे स्टार्स पार्क हे मैदानही येथेच होते.

घरांची अवस्था वाईट होती, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. बहुसंख्य घरांत न्हाणीघर नव्हते, अनेकांत नळही नव्हता. भूतकाळाविषयीच्या हळहळीने ते झाकू नये. परंतु घरे अशी का राहिली, हा प्रश्न त्या काळच्या कागदपत्रांत क्वचितच विचारलेला दिसतो. जेथे कर्ज मिळत नाही, घरमालकाला भाडे पुरेसे होते आणि भाडेकरूला दुसरीकडे जागा मिळत नाही, तेथे नळ कोण बसवणार? दुरुस्ती हा पर्याय गंभीरपणे तोललाच गेला नाही. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने पाडकामासाठी संघीय पैसा खुला केला होता. महापौर रेमंड टकर यांनी १९५४ मध्ये योजना जाहीर केली, १९५५ मध्ये मतदारांनी रोख्यांना संमती दिली आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पाडकाम सुरू झाले. मोकळी झालेली जमीन इतकी काळ रिकामी राहिली की लोक तिला ‘हिरोशिमा फ्लॅट्स’ म्हणू लागले. पुढे तेथून महामार्ग गेला, सेंट लुइस विद्यापीठाचा विस्तार झाला, नवी घरेही काही उभी राहिली. पण जुने रहिवासी परतावेत अशी ती रचना नव्हती.

उठवलेली कुटुंबे गेली कोठे? श्वेतवर्णीय उपनगरे बंद होती. पुष्कळजण शहराच्या उत्तर भागात आधीच दाटलेल्या वस्त्यांत शिरले आणि काही प्रुइट-आयगोत गेले. जेथून कथा सांगण्याची प्रथा आहे, तेथे ती आता कुठे पोहोचते.

प्रुइट-आयगोचे वास्तुकार मिनोरू यामासाकी, म्हणजे पुढे न्यूयॉर्कचे वर्ल्ड ट्रेड सेंटर उभारणारे. त्यांना येथे उंच आणि बुटक्या इमारतींचे मिश्रण हवे होते. खर्चाच्या संघीय मर्यादेपुढे सर्व ३३ इमारती अकरा मजली झाल्या आणि त्यांत २,८७० घरे बसवली गेली. लिफ्ट पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबे. ही बचतीची युक्ती लहान मुले असलेल्या आयांना रोज जिन्यावर भोगावी लागली. वसाहतीचा अर्धा भाग, प्रुइट, कृष्णवर्णीयांसाठी आणि आयगो श्वेतवर्णीयांसाठी, असा मूळ बेत होता. न्यायालयीन निर्णयांमुळे तो सोडावा लागला आणि श्वेतवर्णीय कुटुंबे थोड्याच काळात निघून गेली. त्यांना जावयास जागा होती.

वसाहतीला मारणारी गोष्ट याहून रुक्ष आहे. बांधकामाचा पैसा संघीय सरकारने दिला होता, देखभालीचा खर्च मात्र भाड्यातून भागवायचा होता. शहर ९ लाखांचे होणार असते तर हे गणित जमलेही असते. १९५७ च्या सुमारास नव्वद टक्क्यांवर घरे भरलेली होती. पण शहर आटू लागले, घरे रिकामी पडू लागली, भाडे घटले, देखभाल थांबली. मग उरलेल्यांचे भाडे वाढवले गेले. शिवाय सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबात धडधाकट पुरुष राहता कामा नये, असा नियम होता, म्हणजे मदत हवी तर बापाने घर सोडावे. १९६९ मध्ये भाडेकरूंनी नऊ महिने भाडे रोखून धरले आणि काही मागण्या मान्य करून घेतल्या. स्फोटाच्या चित्रफिती दाखवणारे हा संप सहसा सांगत नाहीत. संघटित भाडेकरू ‘बिघडलेल्या वस्ती’च्या कथेत बसत नाहीत.

येथे एक आक्षेप रास्त आहे. डेट्रॉइट आणि क्लीव्हलँडही आटलीच. कारखाने हलले, मोटारी आल्या, महामार्ग झाले. मिल क्रीक उभी राहिली असती तरी सेंट लुइस घटलेच असते. हे खरे. परंतु घट किती आणि घट कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाडकामाने आणि कर्जहमीने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिले.

१९७० च्या दशकात शहराने जवळजवळ १ लाख ७० हजार माणसे गमावली. याच दशकात, १९७५ साली, टीम फोर या नियोजन संस्थेच्या एका टिपणात शहराचे भाग जतन, पुनर्विकास आणि ‘क्षय’ अशा वर्गांत मांडले गेले. टिपण अधिकृतरीत्या कधी स्वीकारले गेले नाही. उत्तर भागातील रहिवाशांचा मात्र आजही समज आहे की त्यांच्या वाट्याला आले ते त्यातील तिसऱ्या वर्गाचे शहर. १९७९ मध्ये त्याच भागातील होमर जी. फिलिप्स रुग्णालय बंद झाले. कृष्णवर्णीय डॉक्टर आणि परिचारिकांच्या पिढ्या तेथे तयार झाल्या होत्या. रिकाम्या घरांच्या लाल विटा चोरीला जाऊन दक्षिणेकडील शहरांत विकल्या जाऊ लागल्या. माणसांमागून विटाही शहर सोडून गेल्या.

कृष्णवर्णीय कुटुंबांनाही अखेर रेषा ओलांडता आली, पण उशिरा, आणि मुख्यतः उत्तरेकडील जुन्या उपनगरांत. तेथेही सारे स्थिर नव्हते. किनलॉक हे कृष्णवर्णीयांचे जुने स्वायत्त गाव विमानतळाच्या विस्तारासाठी घराघराने विकत घेतले गेले आणि जवळपास रिकामे झाले. तेथील कित्येकजण शेजारच्या फर्ग्युसनमध्ये गेले. १९७० मध्ये जवळजवळ संपूर्ण श्वेतवर्णीय असलेले फर्ग्युसन २०१० पर्यंत दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय झाले होते. ९ ऑगस्ट २०१४ रोजी तेथे मायकल ब्राउन हा अठरा वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीने मरण पावला. त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर फर्ग्युसनचा इतिहास सहसा त्याच सकाळपासून सुरू होई.

प्रुइट-आयगोच्या जागेवर पुढे झाडी माजली. तिच्या उत्तरेला ९७ एकरांवर राष्ट्रीय भू-अवकाशीय गुप्तवार्ता संस्थेचे नवे संकुल उभारण्यासाठी या शतकातही घरे संपादित केली गेली. शहराचा युक्तिवाद होता की ही संस्था नदीपलीकडे इलिनॉय राज्यात गेली तर सुमारे तीन हजार नोकऱ्यांवरील उत्पन्नकर बुडेल. ते नोकरदार शहरात राहतीलच, अशी अट कोठे नव्हती. तेथील एका वृद्ध रहिवासी स्त्रीने घर सोडण्यास नकार दिला. अखेर ते विटांचे घर पायावरून उचलून, चाकांवर ठेवून, काही गल्ल्या पलीकडे नेऊन ठेवण्यात आले.