खिशातला प्रोजेक्टर घेण्याआधी

घरात येणाऱ्या नव्या वस्तूंची पारख कशी करावी, हे आम्ही या सदरातून सांगत असतो. या वेळी आमचीच फसगत सांगणार आहोत.

गेल्या मे महिन्यात मोहल्ल्यातील मुला-मुलींसाठी ‘दहावी-बारावीनंतर काय?’ असा कार्यक्रम ठेवला होता. वर्गणी काढून साडेचार हजार रुपयांचा एक छोटा प्रोजेक्टर मागवला. हातात मावेल एवढा. खोक्यावर ‘९००० ल्युमेन’ आणि ‘फोर-के’ असे ठळक छापलेले. सकाळी अकरा वाजता शादीखान्याच्या भिंतीवर चांगले सहा फूट रुंद चित्र टाकले. खिडक्यांना पडदे नव्हते. भिंतीवर काहीतरी निळसर हलत होते, एवढेच दिसले. पुढच्या रांगेतल्या एका खालांनी विचारले, “बेटा, मशीन अजून सुरू व्हायचीय का?”

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण त्या दिवशी काही वडील मजुरी बुडवून आले होते. कोणत्या अभ्यासक्रमाला किती फी, अर्जाची शेवटची तारीख कोणती, याचा तक्ता भिंतीवर दाखवायचा होता. तो शेवटी तोंडी वाचून दाखवावा लागला. एका मुलीने तारीख चुकीची टिपून घेतली. तिच्या वर्गशिक्षिकेच्या वेळीच लक्षात आले म्हणून तिचे वर्ष वाचले. वर्गणीचा पैसा ही अमानत असते. म्हणून मागाहून आम्ही या वस्तूचा नीट अभ्यास केला. तो वाचकांच्या उपयोगी पडावा.

पहिली गोष्ट उजेडाची. प्रोजेक्टरमधून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, ते ल्युमेनमध्ये मोजतात. पण नुसते ‘ल्युमेन’ लिहिण्याला फारसा अर्थ नाही, कारण तो आकडा दिव्याचा आहे की भिंतीवर पडणाऱ्या प्रकाशाचा, हे कळत नाही. ‘ॲन्सी ल्युमेन’ असे लिहिलेले असेल तर चित्राचे नऊ भाग करून, प्रत्येक भागावरचा प्रकाश मोजून त्याची सरासरी काढलेली असते. ‘आयएसओ ल्युमेन’ हाही असाच ठरलेल्या पद्धतीने मोजलेला आकडा. खिशात किंवा पर्समध्ये मावणाऱ्या चांगल्या प्रोजेक्टरचे आकडे पाहिले तर अंदाज येतो. नेब्युला कंपनीचा पेयाच्या डब्याएवढा पहिला ‘कॅप्सूल’ १०० ॲन्सी ल्युमेनचा होता. त्याच घरातला ‘कॅप्सूल ३ लेझर’ ३०० चा आहे. मग साडेचार हजारांत ९००० कुठून येणार? हा प्रश्न आम्ही खरेदीपूर्वी विचारायला हवा होता.

आता थोडा हिशेब. टीव्हीप्रमाणे प्रोजेक्टरचे चित्रही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. २०० ॲन्सी ल्युमेनचा प्रकाश ४० इंची चित्रावर पसरला, तर भिंतीवर साधारण ४५० लक्स उजेड पडतो. तेच चित्र ८० इंची केले की क्षेत्रफळ चौपट होते आणि उजेड ११० लक्सच्या आसपास येतो. ट्यूबलाइट लावलेल्या वर्गात दोन-तीनशे लक्स प्रकाश आधीच असू शकतो, दिवसाच्या उघड्या हॉलमध्ये त्याहून जास्त. त्यात ११० लक्सचे चित्र विरून जाणारच. म्हणून विकत घेण्याआधी स्वतःला विचारावे : कुठे दाखवणार, किती वाजता दाखवणार आणि किती जण पाहणार? वीस जण आणि अंधारी खोली असेल तर छोटा प्रोजेक्टर पुरतो. दिवसाढवळ्या शंभर माणसे असतील तर शाळेचा मोठा प्रोजेक्टर मागून आणावा किंवा एक दिवस भाड्याने घ्यावा. छोट्यावर पैसे घालू नयेत.

दुसरी गोष्ट ‘फोर-के’ची. खोक्यावर बहुतेक वेळा ‘फोर-के सपोर्ट’ असे असते. म्हणजे फोर-केची फाइल तो स्वीकारतो, पण भिंतीवर दाखवतो आपल्या कुवतीप्रमाणे. पाहायचे ते ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’. ते ८५४ × ४८० असेल तर कार्टून चालेल, पण बारीक अक्षरांचा तक्ता वाचता येणार नाही. अभ्यासाचे दाखवायचे असेल तर निदान १२८० × ७२० असावे, शक्य असेल तर १९२० × १०८०.

तिसरी गोष्ट विजेची. छोटा आहे म्हणजे आत बॅटरी असेलच असे नाही. सॅमसंगचा २०२२ मध्ये आलेला ‘फ्रीस्टाइल’ सुबक आहे, पण त्यात बॅटरी नाही. तो पॉवर बँकेवर चालतो, पण ती ५० वॉटची किंवा अधिक ताकदीची लागते. मोबाइल चार्ज करायची साधी पॉवर बँक तिथे उपयोगी पडत नाही. बॅटरी असलेले काही प्रोजेक्टर वायर काढली की उजेड कमी करतात. तेव्हा ‘दोन तास चालतो’ असे दुकानदार म्हणाला तर ‘किती उजेडावर?’ हेही विचारावे.

चौथी गोष्ट मोबाइल जोडण्याची. टाइप-सीची वायर लावली की प्रत्येक फोनचे चित्र भिंतीवर येते, असे नाही. काही फोनच्या त्या छिद्रातून चित्र बाहेर जातच नाही. बिनतारी जोडणीतही आयफोनची रीत वेगळी आणि अँड्रॉइडची वेगळी. आपला फोन दुकानात नेऊन जोडून पाहावा. पैसे भरून पाहायच्या काही ॲपचे चित्र आरसा-पद्धतीने टाकले तर पडदा काळा राहतो. हा प्रोजेक्टरचा दोष नव्हे, नक्कल होऊ नये म्हणून घातलेले कुलूप आहे. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याची मुदत संपण्याआधी आपल्याच खोलीत, आपल्याच फोनने, आपलाच तक्ता लावून पाहावा. बिल जपून ठेवावे.

आता वापराबद्दल. पुष्कळशा छोट्या प्रोजेक्टरांना चित्राच्या रुंदीच्या सुमारे सव्वापट अंतर लागते. म्हणजे ४० इंची चित्रासाठी साडेतीन फूट आणि ८० इंचीसाठी सात फूट. प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ ठेवावा. तिरका ठेवून बटणाने चित्र चौकोनी करता येते, पण त्यात काही ठिपके वाया जातात आणि अक्षरे मऊ पडतात. खास पडदा नसला तरी बिघडत नाही. पांढरी, सपाट भिंत किंवा सुरकुत्या न पडता ताणलेली जाड पांढरी चादर चालते.

मराठी आणि उर्दू मजकूर असेल तर एक काळजी घ्यावीच. दुसऱ्या यंत्रावर तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरे तुटतात आणि नस्तालीकचे रूप बदलते. म्हणून सगळे पीडीएफ करून न्यावे. एका पानावर पाच-सहा ओळींहून जास्त नकोत. आतले स्पीकर खोलीपुरते असतात. चार-सहाजणांपलीकडे श्रोते असतील तर वेगळा स्पीकर वायरने जोडावा, कारण ब्लूटूथवर कधी कधी ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

घरी मुले असतील तर भिंगात डोकावू देऊ नये. तो झोत डोळ्यांना घातक ठरू शकतो. बाजूच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, म्हणून प्रोजेक्टर गादीवर किंवा उशीवर ठेवू नये आणि वापरून झाल्यावर थंड होऊ द्यावा.

ऑगस्टमध्ये शिष्यवृत्तीच्या अर्जांची माहिती द्यायची होती. या वेळी आम्ही नवीन काही घेतले नाही. ओळखीच्या एका शिक्षकांकडून ३०० ॲन्सी ल्युमेनचा छोटा प्रोजेक्टर मागून आणला. कार्यक्रम मगरिबनंतर, एका घराच्या पुढच्या खोलीत ठेवला. दिवे मालवले आणि चित्र ५० इंचांवर थांबवले. “अजून मोठे करा ना,” असे मुले म्हणत होती, पण आम्ही ऐकले नाही. मेमध्ये तारीख चुकलेली ती मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने तारीख वहीत उतरवली, पुन्हा भिंतीकडे पाहिले आणि शेजारणीच्या वहीतलीही तपासून दिली.

आमचा तो साडेचार हजारांचा प्रोजेक्टर अजून आहे. अंधारात ३० इंची चित्रावर लहान मुले त्यावर प्राण्यांच्या फिल्म आवडीने पाहतात. त्याचे काम तेवढेच होते. ते आधी ओळखायला आम्ही चुकलो. वाचकांनी चुकू नये.