नियमाचे अक्षर आणि नियमाचा हेतू

मोटार रॅलीत शर्यत संपली म्हणजे निकाल लागला असे होत नाही. अखेरचा शब्द तपासनिसांचा असतो. १९६६ च्या माँटे कार्लो रॅलीत मॅकिनेन, आल्टोनेन व हॉपकर्क यांच्या मिनी कूपर गाड्या पहिल्या तीन क्रमांकांनी आल्या. परंतु त्यांच्या पुढील दिव्यांत एकच तंतू असल्याने प्रकाशझोत नियमानुसार खाली करता येत नाही, असे ठरवून त्या बाद करण्यात आल्या व विजय सित्रोएन चालविणाऱ्या तोइव्होनेन यांच्या पदरी पडला. १९९५ साली कॅटालुन्या रॅलीतील टोयोटाचे प्रकरण याहून सर्वस्वी निराळे. टर्बोत शिरणारी हवा मर्यादित ठेवणाऱ्या कड्याला चुकवून अधिक हवा आत घेणारी आणि तपासणीसाठी भाग सुटे करताच दिसेनाशी होणारी योजना तेथे सापडली. महासंघाने संघाचे त्या मोसमातील गुण रद्द करून त्याला बारा महिने स्पर्धेबाहेर ठेवले.

दोन्ही प्रकरणांत भंग तांत्रिकच; पण एकात उघड दिसणारी उणीव, तर दुसऱ्यात योजनापूर्वक केलेली लबाडी. दोहोंना बडतर्फीची एकच काठी लावणे म्हणजे न्याय नव्हे. जे दिवे प्रारंभीच पाहता येतात, त्यांचा निवाडा प्रारंभीच झाला पाहिजे. तो शेवटावर ढकलला, तर हरलेल्याच्या मनात सल राहतो आणि जिंकलेल्याच्या चषकालाही झळाळी उरत नाही. लपविलेल्या कपटाला मात्र दया नको. नियमाचा धाक टिकतो तो शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या तारतम्यामुळे.