घोडेगावचे १३० घोडे

परवा मेसमध्ये भात संपल्याची घोषणा झाली आणि आमच्या टेबलवर वाद पेटला. विषय क्रिकेट नव्हता, राजकारण नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे मेसचं बिलही नव्हतं. विषय होता माझ्या दादाची गाडी. दादा म्हणजे चुलतभाऊ, राहणार घोडेगाव, तालुका आंबेगाव. गाडी म्हणजे २०१५ सालची पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड घेतलेली आणि गेल्या वर्षी 'स्टेज वन' ट्यून करून आणलेली. यंदा टोमॅटोने हात दिला, त्यातले एक लाख रुपये दादाने गाडीसाठी बाजूला ठेवलेत. त्याचा प्रश्न एका ओळीचा आहे : आता पुढे काय बसवू?

टेबलवर आम्ही आठ, मतं अकरा. मेकॅनिकलवाले दोन गटांत फुटले. एक गट डाऊनपाइप आणि स्टेज टूचा, दुसरा थेट मोठ्या टर्बोचा. ईएनटीसीवाल्याने सबवूफर सुचवला. सिव्हिलवाला म्हणाला, आधी रस्ता नीट करा, गाडी आपोआप जोरात पळेल. (त्याचं म्हणणं सगळ्यात शहाणपणाचं होतं, पण ते एक लाखात बसत नाही.) मी माझं मत मांडायला लागलो तर मंडळी 'झोप आली' म्हणून उठली. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्यांना साडेनऊला झोप! म्हणून संपादकांच्या कृपेने इथे लिहितोय.

माझं मत असं, की दादाने ताकद वाढवण्यासाठी आता एक रुपयाही घालू नये. टायर, ब्रेक आणि गाडी थंड राहील याची व्यवस्था, एवढ्यावरच हे पैसे जावेत. ऐकायला हे एखाद्या सरांसारखं वाटतं, मान्य. पण मी त्या गाडीत मागच्या सीटवर बसलेलो आहे.

गाडीबद्दल थोडं सांगतो. पोलो ही आपल्याच जिल्ह्यातली. चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन २००९ साली झालं आणि २०२२ साली पोलो बंद होईपर्यंत ती तिथेच बनत होती. जीटी टीएसआय आली २०१३ साली : १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ हॉर्सपॉवर, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. २०१५ साली तिकडे रांजणगावला फियाटने १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो काढली. म्हणजे दोन मस्तवाल हॅचबॅक एकाच पुणे जिल्ह्यात तयार होत होत्या, आणि आपण त्या काळात शाळेत डबा खात होतो. आज दोन्ही फक्त सेकंडहँड मिळतात, आणि त्यामुळेच त्या दादासारख्यांच्या हातात पडतात.

स्टेज वन म्हणजे लोखंडाला हात न लावता फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरमधला मॅप बदलणं. टर्बोचा दाब थोडा वाढवायचा, ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचं प्रमाण त्याला जुळवून घ्यायचं. ट्यूनरच्या कागदावर दादाची गाडी आता १३० च्या आसपास आहे. घोडेगावात आता १३० घोडे बांधलेत, हा आमच्या घरातला विनोद त्यातूनच आला.

आमच्या भागाला वेगाचं वेड नवीन नाही. आंबेगाव, जुन्नर, खेड म्हणजे बैलगाड्यांचा मुलूख. यात्रा आली की घाटात बारी किती सेकंदांत बसली यावर आठवडाभर चर्चा. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात ती कायम झाली. मधली सात वर्षं आमच्याकडच्या पोरांनी सेकंद मोजायची हौस मोटारसायकल आणि मोटारीवर भागवली असा माझा अंदाज आहे. पण एक फरक कोणी लक्षात घेत नाही. बैलगाड्याचा घाट चढाचा असतो, बारी संपते तीही चढावरच. मोटार मात्र चढून वर गेली की तिला खाली उतरावं लागतं.

आमची हौस भागवायचा रस्ता म्हणजे घोडेगावहून भीमाशंकर. शिनोली, डिंभे, मग पोखरीचा घाट, तळेघर आणि पुढे जंगल. श्रावणातल्या एका मंगळवारी (सोमवारी गर्दी म्हणून मुद्दाम मंगळवार) आजीला दर्शनाला घेऊन गेलो होतो. गाडीत आम्ही चौघे. चढताना दादा खुशीत. टर्बो भरला की गाडी अशी खेचते की आजीसुद्धा "आरं, जरा दमानं" म्हणता म्हणता हसली. येताना पाऊस थांबला होता, रस्ता ओला. दादाने गिअर 'डी'मध्येच ठेवला आणि वळणावळणाला ब्रेक दाबत उतरत राहिला. अर्ध्या घाटात आजीने विचारलं, "काय जळतंय रं?" पुढच्या वळणाला दादाने पाय दाबला तर पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. समोरून एसटी येत होती. सुटलो आम्ही, कारण एसटीच्या ड्रायव्हरने बाजू दिली. बाजूला गाडी लावून अर्धा तास डिंभ्याचं पाणी बघत बसलो. कोणी काही बोललं नाही. आजीने फक्त पिशवीतला प्रसाद काढून वाटला.

यात गाडीचा दोष नाही. दोष उतरवणाऱ्याचा, आणि शेजारी बसून गाणी बदलणाऱ्या माझाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरला मॅन्युअलमध्ये टाकलं असतं तर इंजिननेच बरंचसं धरलं असतं. पण हॉस्टेलवर आल्यावर मी गणित करून पाहिलं. माणसांसकट गाडी १,४०० किलो धरा आणि घाटाची उतरण समजा ३०० मीटर. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, म्हणजे सुमारे ४१ लाख जूल. हीच गाडी १०० च्या वेगावरून पूर्ण थांबवायला साधारण ५.४ लाख जूल लागतात. म्हणजे नुसतं घाट उतरणं हे ताशी १०० वरून सात-आठ वेळा कचकन थांबवण्याइतकं काम आहे. त्यातलं इंजिन आणि हवा जेवढं खातील ते सोडून बाकी सगळं ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातं. आणि या गाडीला मागे ड्रम आहेत. रिमॅपने पुढचं इंजिन वाढलं, ब्रेक मात्र १०५ हॉर्सपॉवरचेच राहिले.

बरं, ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? दादाला आठवेना. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. ते हवेतला ओलावा शोषत जातं आणि मुरलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जातं. आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये 'द्रव दाबला जात नाही' हे वाक्य चार मार्कांसाठी लिहितो. त्या वाक्याची किंमत मला पोखरीच्या घाटात कळली.

टायरचं तेच. दादाचे टायर वरून बघायला झकास, नक्षी शाबूत. पण टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दादाच्या टायरवर २३१८ होतं, म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. रबर दगडासारखं झालेलं. (आज रात्री पार्किंगमध्ये जाऊन आपापल्या बाइकचे आकडे वाचा, करमणूक होईल.) पकडीचा गुणांक ०.८ असेल तर १०० वरून थांबायला ४९ मीटर लागतात, ०.५ वर आला तर ७९ मीटर. मधले ३० मीटर म्हणजे जवळजवळ तीन एसटी गाड्यांची लांबी. आणि आमच्याकडे रात्री उसातून बिबट्या रस्त्यावर येतो, पावसाळ्यात धुक्यात गुरं बसलेली असतात. त्यातलं कोणीही आपल्या गाडीचा डायनो रिपोर्ट वाचलेला नसतो.

आता डाऊनपाइपवाल्यांकडे वळू. डाऊनपाइप म्हणजे टर्बोतून निघणाऱ्या धुराचा मोकळा रस्ता. तो मोकळा होतो तो बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून किंवा पातळ करून. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल थेट मागच्याच्या तोंडावर. वर टॉर्क आणखी वाढतो. या गाडीचा ड्राय क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. स्टेज वनलाच आपण २२० च्या आसपास पोचलोय. स्टेज टूला ही सीमा दिसायला लागते, आणि क्लच पॅक बदलायची वेळ आली की टोमॅटोचं एक अख्खं पीक त्यात जातं.

मोठ्या टर्बोवाल्यांनी थर्मोचं पुस्तक उघडावं. हवा ४० अंशांची, दाब दुप्पट, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा १३५ ते १४० अंशांची होते. (ज्यांची थर्मोत केटी आहे त्यांनी हे सोडवून बघावं, परीक्षेत येतं.) ती इंटरकूलरने थंड झाली नाही तर इंजिन नॉक होऊ लागतं, कॉम्प्युटर ठिणगी मागे घेतो आणि पैसे देऊन घेतलेले घोडे तबेल्यात परत जातात. आम्ही ओबीडी स्कॅनर लावून पाहिलं. एप्रिलच्या दुपारी घाटाच्या वरच्या टप्प्यात इनटेकचं तापमान सकाळपेक्षा वीसेक अंशांनी वर. म्हणजे आहेत तेच १३० घोडे दुपारी हजर नसतात. आणखी कशाला आणायचे? रेडिएटरच्या जाळीतली चिखल-माती काढणं, कूलंट बदलणं, होजचे क्लँप तपासणं, यातूनच काही परत मिळतील, तेही फुकटात.

पेट्रोलचाही मुद्दा आहे. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, आणि तेवढीच हवा जाळायला ते जास्त लागतं. ऑक्टेन वाढतो ही जमेची बाजू. पण कमी इथेनॉलच्या पेट्रोलवर बेतलेला मॅप या पेट्रोलवर फुल थ्रॉटलला काय करतो, हे मोजल्याशिवाय पुढचा दाब वाढवणं म्हणजे व्हायवाला सिलॅबस न बघता जाणं. या गाडीच्या जन्माच्या वेळी हे पेट्रोल नव्हतंच. रबरी नळ्या बघून घ्यायला हव्यात.

कायदा सांगितला की पोरं जांभया देतात, म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मग दादाचा स्टेज वन बसतो का यात? मी आरटीओत विचारायला जाणार नाही, कारण उत्तर मला आवडणार नाही. विमा कंपनीही अपघातानंतर हाच प्रश्न विचारू शकते. चांगले पॅड, ताजं ऑइल आणि कंपनीच्याच मापाचे नवे टायर यांना मात्र कोणी काही विचारत नाही.

हे वाचून आमचे एक सर म्हणाले, "मग ताकद वाढवलीच कशाला?" सर, खरं सांगू? मजा येते म्हणून. मंचरहून येताना उसाचा ट्रॅक्टर ओलांडायला उपयोग होतो वगैरे सगळं नंतर सुचलेलं. मजा वाईट नाही. सेकंद मोजायचे असतील तर त्याची जागा आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत, बैलगाडेवालेसुद्धा घाट बांधून, गावाला सांगूनच पळवतात. आणि आपल्या बाजा टीमला विचारा, ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक झाल्याशिवाय गाडीला पुढच्या स्पर्धांत सोडत नाहीत. पुढे इंजिन कितीही गोड वाजू दे.

दादाला मी हिशोब लिहून पाठवला. चार टायर तीस-बत्तीस हजार, पुढचे पॅड आणि डिस्क, मागचे शू, ऑइल, कूलंट, प्लग, गिअरबॉक्सची तपासणी, सगळं मिळून साठ-पासष्टच्या आत. उरलेल्यात मॅप नव्या पेट्रोलवर परत तपासून घे म्हटलं. तीन दिवस त्याने उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी फोन आला, टायर बसवले म्हणून. आवाजात उत्साह यथातथाच. "पहिल्यापेक्षा काही वेगळं वाटत नाय रं," म्हणाला.

गेल्या रविवारी आजीला घेऊन परत तळेघरपर्यंत गेलो. उतरताना दादाने गिअर दुसऱ्याला ठेवला होता आणि आजी पुढच्या सीटवर झोपली होती. डाऊनपाइपचा फोटो त्याच्या मोबाइलवर अजून आहे, मी पाहिलाय.